वेष्टनावरील अर्जदाराचा चेहरा काढून टाकण्याबाबत

प्रति,
माननीय साहाय्यक नियंत्रक,
प्रसाधन-वस्तू परवाने व तपासणी कार्यालय,
तळमजला, मागील बाजू.

विषय : 'मावशी' या नावाने विकल्या जाणाऱ्या शेळीच्या दुधाच्या साबणावर अर्जदाराचा चेहरा आहे, परंतु साबणात शेळीचे दूध नाही; सबब एक तर चेहरा काढावा, नाही तर दूध घालावे, याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा मागील अर्ज व त्यास आपले उत्तर. २) अर्जदारावर व तिच्या लेकीवर बजावलेल्या दोन नोटिसा. ३) आपल्या दालनात झालेली सुनावणी.

महोदय,

आपल्या कार्यालयाच्या दारावर सूचना लावलेली आहे की अर्जात 'मी' लिहू नये, 'अर्जदार' लिहावे, आणि मजकूर मुद्देसूद असावा. पहिली अट पाळली आहे. दुसरी जमेल तितकी पाळली आहे.

१. अर्जदार ही विधवा बाई असून इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. तिथे चादरी, गाऊन आणि जखमांची फडकी सोड्याच्या उकळत्या पाण्यात घालावी लागतात, आणि दांड्याने ढवळली तरी शेवटी हात बुडवावाच लागतो. त्या कामातल्या सगळ्या बायकांच्या हातांना भेगा पडत. भाकऱ्या थापायच्या तर पिठाला रक्त लागायचे, म्हणून अर्जदाराची एक थोरली सोबतीण हाताला चिंध्या गुंडाळून स्वयंपाक करी. अर्जदाराच्या पतीने जाताना मागे एक लेक आणि परसात बांधलेल्या शेळ्या ठेवल्या. दूध घरात पुरून उरायचे. उरलेल्या दुधाने बायका हात धूत, त्याने आग थोडी शमायची. त्यावरून अर्जदाराच्या मनात आले की दूध साबणातच घातले तर काय होईल.

२. पहिल्यांदा काय व्हायचे ते झाले. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात दूध ओतल्याबरोबर ते तापले, करपले, विटकरी झाले, आणि असा वास सुटला की शेजारीण नाकाला पदर लावून विचारायला आली. अर्जदाराचा दीर तेव्हा घरी होता. तो म्हणाला, वहिनी, या वड्या साबणाच्या की बांधकामाच्या? पुढे कळले की दूध आधी बर्फासारखे गोठवायचे, त्याचे खडे करायचे, आणि त्यावर कॉस्टिक चिमटीचिमटीने घालत थंडच ठेवायचे. मग तेल घालून घोटायचे, लाकडी साच्यात ओतायचे, कापायचे, आणि फळीवर मुरू द्यायचे. लोणचे मुरते तसा साबणही मुरतो. न मुरलेला साबण कातडी खातो. एवढेच शास्त्र अर्जदारास येते, आणि त्यापेक्षा जास्त येते असे अर्जदाराने कधी कोणास सांगितलेले नाही.

३. थोरल्या सोबतिणीच्या चिंध्या सुटल्या. मग परिचारिका मागू लागल्या, मग त्यांच्या घरचे. अर्जदाराने धुलाईखाना सोडून आठवडी बाजारात पथारी मांडली. नाव असे काही दिले नव्हते. लहानथोर सगळे अर्जदारास मावशी म्हणत, म्हणून साबणही मावशीचा झाला. लेकीने तेच नाव एका पाटीवर रंगवले. अंगाला खाज येणाऱ्या तान्ह्या मुलांच्या आया येत. त्यांना अर्जदार दर वेळी सांगे की हा साबण आहे, औषध नाही. आधी डॉक्टरला दाखवा, मग मनगटावर थोडा लावून बघा. पथारीवर उभे राहून हे कितीही वेळा सांगितले तरी त्याचा कंटाळा करायचा नसतो, असे अर्जदाराचे मत होते व आहे.

४. मग दिराने एक कारखानदार घरी आणला. माणूस बोलायला गोड होता. फळीवरची एक वडी उचलून त्याने हुंगली, हात धुतले, आणि ते हात बराच वेळ बघत बसला. म्हणाला, एवढी चांगली वस्तू एका बाजारापुरती ठेवणे हे पाप आहे. ठरले असे की साबण कारखान्यात होईल, दूध अर्जदाराकडून आणि आसपासच्या शेळ्या पाळणाऱ्या बायकांकडून जाईल, आणि कृती अर्जदार शिकवील. कागद जाड होता. अर्जदारास वाचता येते. पहिली पाने तिने वाचलीही. मग दीर म्हणाला,

"वहिनी, दादा असता तर त्यानं एवढं वाचलं असतं का? घरचा माणूस बसलाय ना समोर."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. अर्जदाराने सही केली. न वाचलेल्या पानात असे लिहिले होते की 'मावशी' हे नाव, अर्जदाराचा चेहरा, आणि 'त्या चेहऱ्याशी साम्य असणारी कोणतीही आकृती' साबणाच्या व्यापारापुरती कायमची कंपनीची झाली. त्याच दिवशी छायाचित्रकार आला. काळी शेळी उन्हात उभी राहीना, म्हणून अर्जदाराने तिला कवेत धरले आणि तिच्या धडपडीचे हसू आले, तेवढ्यात त्याने फोटो काढला. ते हसू आपण पाहिलेच असेल. ते आता प्रत्येक दुकानात आहे.

५. सुरुवातीला दुधाच्या किटल्या न्यायला गाडी येत असे. पुढे ती एक दिवसाआड येऊ लागली, आणि मग आलीच नाही. बायका आपापले दूध घेऊन अर्जदाराच्या दारात उभ्या राहत आणि अर्जदार रस्त्याकडे बघत राही. नासलेले दूध ओतून द्यायला परसात जागा उरली नाही तेव्हा अर्जदार स्वतः कारखान्यात गेली. फाटकावर तिचेच चित्र होते, माणसापेक्षा मोठे. रखवालदाराने चिठ्ठी मागितली. चिठ्ठी नव्हती. त्याने चित्राकडे बघितले, अर्जदाराकडे बघितले, आणि सहज म्हणाला,

"तुम्ही थोड्या त्या बाईसारख्या दिसता."

अर्जदार म्हणाली की ती बाई मीच. तो म्हणाला, असे रोज कोणी ना कोणी म्हणते. तो माणूस वाईट नव्हता. त्याने पाणी दिले आणि सावलीत बसायला सांगितले.

६. संध्याकाळी कामगार सुटले तेव्हा साबण घोटण्याच्या विभागातली एक बाई थांबली. अर्जदाराने तिला कृती शिकवली होती. तिने खालच्या आवाजात सांगितले की दूध बंद होऊन बरेच दिवस झाले. दूध गोठवायला वीज लागते, वड्या मुरायला जागा लागते, आणि मालकांना ओतल्या दिवसापासून चौथ्या दिवशी माल बाहेर हवा असतो. आता पांढरा रंग आणि दुधाच्या वासाचा अर्क घालतात. अर्जदाराने विचारले, मग वेष्टनावर शेळी कशाला? त्यावर ती म्हणाली, शेळी फोटोतच पुष्कळ दूध देते. हे सांगताना तिला हसू आले आणि मग ती रडली. तिची नोकरी जाऊ नये म्हणून तिचे वर्णन येथे केलेले नाही.

घरी येऊन दिरास विचारले. तो आता कंपनीच्या कचेरीत बसतो, त्याला टेबल आहे. तो म्हणाला, "वहिनी, सगळीकडे तुमचा फोटो आहे. आणखी काय पाहिजे?" त्यानंतर तो घरी आलेला नाही. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ही म्हण अर्जदाराने लहानपणापासून ऐकलेली आहे, पण तिच्यातली शेळी आपणच असू असे कधी वाटले नव्हते.

७. एवढ्यावर अर्जदाराने अर्ज केला नसता. माणसे फसवली जातात, तोंडाला पाने पुसली जातात, आणि ती पुसून माणूस पुन्हा कामाला लागतो. पण महोदय, पुढे जे झाले ते अर्जदाराला झाले नाही, दुसऱ्याच्या लेकराला झाले.

कारखान्याची गाडी बंद झाल्यावर अर्जदाराने पुन्हा थोडा साबण करून बाजारात पथारी मांडली होती. तिथे एक तरुण बाई आली. खांद्यावर मूल होते, पातळ कापडात गुंडाळलेले. तिने कापड बाजूला केले. मुलाच्या गुडघ्यांच्या मागे, कोपरात आणि मानेच्या वळ्यांत कातडी सोललेली होती, मधेच पिवळे धरलेले. मुलाला आधीपासून कोरडे इसब होते. तिने दुकानातून 'मावशी' आणला. लावल्यावर मूल रडले, तेव्हा तिला वाटले गुण येताना आग होत असेल, म्हणून तिने दिवसातून दोनदा लावला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते.

"मी तुमच्या तोंडाकडे बघून घेतला," ती म्हणाली. "मला वाटलं, हिला पोरं असतील."

हा साबण माझा नव्हे, हे वाक्य त्या वेळी इतके खोटे वाटले असते की ते तोंडातून निघाले नाही. मूल त्याच दिवशी इस्पितळात दाखल झाले. त्या आठवड्यात थोरली सोबतीण, जी अजून धुलाईखान्यातच आहे, घरी येऊन बसली आणि एवढेच म्हणाली की मुलांच्या वॉर्डातल्या चादरी माझ्याकडे येतात. ज्या बाईच्या चिंध्या अर्जदाराच्या साबणाने सोडवल्या, तिने ते डाग धुतले. अर्जदारास तोंड दाखवायला जागा राहिली नाही, आणि तोंड मात्र गल्लोगल्ली लावलेले.

८. तेव्हा अर्जदाराने आपणाकडे पहिला अर्ज केला. आपले उत्तर सोबत जोडले आहे. त्याचा सारांश असा की साबण तपासला असता तो साबण असल्याचे आढळले. 'शेळीच्या दुधाचा' हे शब्द नावाचा भाग असून घटकाचा दावा नव्हे. आणि अर्जदार ही सदर वस्तूची ग्राहक नसल्याने तिला तक्रारीचा अधिकार नाही. शेवटचा मुद्दा अर्जदारास मान्य आहे. तिने तो साबण कधी विकत घेतलेला नाही.

९. उत्तर हाती पडण्यापूर्वीच नोटीस आली होती. अर्जदार बाजारात लोकांना सांगत होती की दुकानातला घेऊ नका, त्यात दूध नाही. त्यावर कंपनीने तक्रार केली की अर्जदार 'मावशी' या नावाची व चेहऱ्याची नक्कल करून बनावट माल विकते. चोराच्या उलट्या बोंबा. आपले निरीक्षक आले. ते कर्तव्यदक्ष होते. त्यांनी दुकानातले वेष्टन अर्जदाराच्या गालाजवळ धरले, एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने पाहिले, आणि पंचनाम्यात लिहिले, 'चेहरा जुळतो.' चेहरा जुळत नसता तर अर्जदार सुटली असती. फळीवर मुरत असलेल्या सगळ्या वड्या पोत्यात भरून नेल्या. त्या अजून आपल्या कोठारात असतील तर एक विनंती आहे की पोती उन्हाच्या खिडकीखाली ठेवू नयेत. त्या चांगल्या मुरल्या असतील.

त्या प्रसंगी भाजीवालीचा नातू पळत येऊन 'मावशी, काय झालं' असे म्हणाला, तेव्हा निरीक्षकांनी त्याला असे न म्हणण्याची समज दिली, कारण त्याने नावाच्या वापरास उत्तेजन मिळते. पोराने विचारले की मग काय म्हणू. यावर त्यांच्याकडे लेखी मार्गदर्शन नव्हते. ते मागवून घ्यावे. आईच्या बहिणीला काय म्हणायचे हाही प्रश्न गावातल्या अनेक घरांत निघाला आहे. लोक तो हसून काढतात. अर्जदारास हसू येत नाही.

१०. सुनावणीत आपण अर्जदाराचे बोलणे शांतपणे ऐकून घेतले, त्याबद्दल आभार. दीर कंपनीतर्फे आला होता आणि त्याने अर्जदारास वाकून नमस्कार केला, हे आपल्या नोंदीत नसेल. आपण तोडगा काढला की अर्जदाराने नाव बदलावे आणि पथारीवर स्वतः न बसता दुसऱ्या कोणाला बसवावे. आपला हेतू चांगला होता. त्याप्रमाणे नाव काढून टाकले, वड्या कोऱ्या कागदात बांधल्या, आणि अर्जदाराची लेक शिवणकाम बाजूला ठेवून पथारीवर बसली.

दुसरी नोटीस लेकीच्या नावाने आली. तीत म्हटले आहे की सदर मुलीच्या चेहऱ्याचे वेष्टनावरील चेहऱ्याशी 'ठळक साम्य' असून ग्राहकांची दिशाभूल होण्याचा संभव आहे. महोदय, लेक आईच्या तोंडावळ्यावर गेली आहे. तिच्या बापाला याचे फार कौतुक होते. सही करताना ती अर्जदाराशेजारी बसली नव्हती, तिला कोणी विचारले नव्हते, आणि तिने कुठल्याही कागदावर आपले नाक-डोळे लिहून दिलेले नाहीत. नोटीस वाचून तिने ती घडी घालून ठेवली आणि आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. आता ती दुसऱ्या शहरात एका शिंप्याकडे कामाला आहे. जाताना अर्जदाराने तिला थांबवले नाही. कोणत्या तोंडाने थांबवणार?

११. शेळ्यांपैकी बहुतेक विकल्या. काळी ठेवली आहे, कारण तीही वेष्टनावर असल्याने तिला विकणे हा गुन्हा होतो की नाही याबाबत स्पष्टता नाही.

१२. ते मूल बरे झाले. हे आधी लिहायला हवे होते. कोपरात आणि मानेवर डाग राहिले आहेत, ते जातील असे डॉक्टर म्हणतात. मागच्या आठवड्यात त्याची आई अर्जदाराच्या घरी आली. तिला कोणीतरी सगळी हकीकत सांगितली होती. तिने माफी मागायला सुरुवात केली, ती अर्जदाराने मागू दिली नाही. मग तिने खऱ्या साबणाची एक वडी मागितली. घरात एक होती, लेकीच्या पेटीत कपड्यांखाली राहून गेलेली. अर्जदाराने ती दिली नाही. अजून निदान काही महिने मुलाच्या अंगाला कोमट पाण्याशिवाय काही लावू नका, माझाही नाही, असे सांगितले. ती बाई उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली की दुकानात अजून तोच माल आहे, आणि माझ्यासारख्या बायका अजून तुमच्याकडे बघून घेतात. मी एकदोघींना अडवलं, पण त्या म्हणाल्या, वेष्टनावरची बाई खोटं बोलेल होय?

१३. सबब विनंती की,

(अ) वेष्टनावरून अर्जदाराचा चेहरा काढून टाकण्याचा आदेश कंपनीस द्यावा. शेळी ठेवायची असल्यास अर्जदाराची हरकत नाही, तिला कोणी सत्यवादी समजत नाही.

(ब) ते नियमात बसत नसल्यास चेहऱ्याखाली छापावे की या बाईने हा साबण केलेला नाही.

(क) लेकीवरील नोटीस मागे घ्यावी. बाकी काही झाले नाही तरी चालेल, एवढे व्हावे.

१४. मागील अर्जाच्या उत्तरास किती काळ लागला हे आपणास ठाऊक आहे. तेवढ्या काळात पुष्कळ तान्ही मुले आंघोळ करतात. म्हणून आगाऊ कळविण्यात येते की उद्यापासून अर्जदार मोठ्या दुकानात, त्या साबणाच्या मांडणीशेजारी, दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत उभी राहणार आहे. विकायला काही नसेल, पाटी नसेल, आरडाओरडा नसेल. कोणी वेष्टन हातात घेतले की अर्जदार त्याच्याकडे बघेल आणि नाही म्हणून मान हलवेल. कारखान्याला या गोष्टीचा त्रास होईल, आणि तो आपल्याकडे येईल, आणि आपणास कारवाई करावी लागेल, हे सगळे अर्जदाराने विचारात घेतले आहे. अवश्य करावी. अर्जदारास ताब्यात घेताना पोलीस समोरून आणि बाजूने फोटो काढतात आणि खाली नाव लिहितात असे ऐकले आहे. म्हणजे निदान एका सरकारी कागदावर तरी नोंद होईल की हे तोंड या बाईचे आहे.

कळावे, आणि जमल्यास वळावेही.

आपल्या नोटिशीतील
गैरअर्जदार व या अर्जातील अर्जदार
(सही)

दिनांक : पोच देताना आपला लिपिक घालील तो. मागच्या वेळी अर्जदाराने घातलेली तारीख त्यांना मान्य झाली नव्हती.

सोबत : १) दोन्ही नोटिसांच्या प्रती. २) आपले उत्तर. ३) 'मावशी' साबणाचे रिकामे वेष्टन. ते मुलाच्या आईने दिले, अर्जदाराने विकत घेतलेले नाही. ४) मुलाच्या इस्पितळाच्या कागदाची प्रत, आईच्या संमतीने.

अर्जदाराचे छायाचित्र : जोडलेले नाही. क्र. ३ पाहावे.